डाव्या हाताची तर्जनी

केंद्र आमच्याच प्रयोगशाळेत होतं,
खोली क्रमांक दोन, यावल, मे महिना,
आणि ऊन असं की सातपुडासुद्धा पुसल्यासारखा दिसत होता.

आदल्या दिवशी बाटल्या मीच हलवल्या.
तपकिरी बाटलीचं बूच सैल आहे,
तीन वर्षं लिहून देते आहे.
सकाळी उठले तर चार बोटं नखांसकट काळी.

रांगेत माझ्यापुढे फिरके सर.
द्रवाचा दाब शिकवतात,
आणि शेतात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा
न्हावीहून पायाळू माणूस आणला त्यांनी.
तळहातावर नारळ घेऊन तो बांधाबांधानं हिंडला,
नारळ उभा राहिला तिथं खणलं,
तीनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं.
लागलं. मी नाही म्हणत नाही.
पण शेजारच्या चिंधू कोळ्याला
नारळाशिवाय तीनशे सत्तरवरच लागलं होतं,
वर्षभर आधी,
ते कोणी सांगत नाही.
हे माझं मत.

मत हा शब्द आपल्याकडे एकच, कामं दोन.
एक मागायला जीप येते.
दुसरं मला आजवर एकदाच विचारलं,
अकरावीतल्या एका पोरीनं, ज्योतीपुढे डोळे बारीक करून:
"मावशी, हा रंग निळा की हिरवा?"
मी म्हटलं, हिरवा.
तिनं सरांकडे पाहिलं आणि निळा लिहिला.
तांबं होतं.

डिस्टिल्ड वॉटर मी काढते, थेंब थेंब,
सगळ्या वर्गाचे प्रयोग त्याच पाण्यावर होतात.
स्टाफरूममधला माठ मात्र गोदावरी भरते,
पहिल्या दिवसापासून.
मला कोणी काही सांगितलं नव्हतं.
सांगितलं नाही, त्यावरूनच कळलं.

टेबलामागे जळगावच्या बँकेतला पोरगा.
माझं बोट धरून म्हणाला,
"मावशी, तुम्ही तर टाकून आल्या ना!"
मी म्हटलं, सिल्व्हर नायट्रेट.
तुमच्या बाटलीत आहे तेच, उजेड लागला की काळं पडतं.
त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू बाटलीच बोलली.
एजंट उठले, चार पक्षांचे चार,
सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं:
बाईला थांबवा.
मागून कोणी ओरडलं,
"चाल ना वं माय, उन्हात मरून राह्यलो!"

"ह्यांना ओळखतं का कोणी?"
फिरके सर यंत्रापासून वळले, बोटावर फुंकर घालत.
"आमची कौसा आहे. लॅबची."
पोरगा यादीत कौसा शोधू लागला.
कौसल्या यादव सुरवाडे, वय चोपन्न,
मीच ओळीवर बोट ठेवलं.
तेच, काळं.

शाईला जागा करंगळीच्या नखावर निघाली.
यंत्र वाजलं, लांबलचक,
सरांच्या वेळी वाजलं होतं तेवढंच.
मी मोजत होते. सवय आहे.

कोणाला दिलं ते सांगणार नाही.
बाकी विचारा.
चंद्रावर यान उतरलं तेव्हा पेढे मीच वाटले,
आणि त्याच तोंडानं सांगते,
आमच्या लॅबचा धूर ओढणारा पंखा बारा वर्षं बंद आहे.
केळी कोणत्या पुडीनं पिवळी केली
ते मला वासावरून कळतं;
पुढाऱ्याच्या गाडीत चढवला तो घडही त्याच पुडीचा होता.
मायक्रोस्कोपला आधी पोरींना बसवावं,
नाहीतर तास संपतो.

अजून कळण्याच्या भाकरीवर थापताना
हात दिसतो.
एक डाग सरकारी, बाकीचे घरचे,
नखं वाढताहेत तसे सगळेच पुढे सरकताहेत,
कोणता कुठला ते मलाही नक्की सांगता येत नाही.

बुचासाठी पुन्हा अर्ज दिला आहे.